मूलतत्त्ववादी: मूळ की पाया?

प्रश्न असा आला आहे: 'आमच्या शेजारी एक प्रॉटेस्टंट कुटुंब राहते. रोज सकाळी पवित्र शास्त्र वाचतात आणि त्यात एकही चूक नाही असे मानतात. माझा वसईचा कॅथलिक मित्र म्हणतो, ते मूलतत्त्ववादी, आम्ही नव्हे. त्यांना हा शब्द लावणे योग्य का? कट्टर, सनातनी, धर्मांध हे शब्द याच अर्थाचे का? आणि लिहायचे कसे, मूलतत्त्ववादी की मुलतत्ववादी?'

शेवटचे आधी उरकू. तत् अधिक त्व म्हणजे तत्त्व, म्हणून त दोन वेळा. मू दीर्घ. कट्टर, सनातनी आणि धर्मांध यांचे अर्थ कोणत्याही कोशात मिळतील, त्यात वेळ घालवत नाही.

मला राग आहे तो वेगळ्याच गोष्टीचा. कुठे बाँब फुटला, कुठे जमावाने दुकाने जाळली, की बातम्या देणारे ठराविक सुरात 'मूलतत्त्ववादी' म्हणून मोकळे होतात. आणि दुसऱ्या टोकाला, उशाशी बायबल ठेवून झोपणारी एखादी म्हातारीही मूलतत्त्ववादीच. मारेकरी आणि म्हातारी एकाच शब्दात कोंबल्यावर त्या शब्दाने काय सांगायचे? हा शब्द इंग्रजी 'फंडामेंटलिस्ट'चे भाषांतर, आणि तो इंग्रजी शब्द कोणी, कधी, कशासाठी घडवला हे नेमके ठाऊक आहे. इतकी स्वच्छ जन्मनोंद फार थोड्या शब्दांच्या नशिबी येते.

१९१० ते १९१५ या काळात अमेरिकेत 'द फंडामेंटल्स' नावाच्या बारा पुस्तिका निघाल्या. त्यांत नव्वद लेख होते. पैसा कॅलिफोर्नियातल्या तेलाच्या धंद्यातला, लायमन स्ट्युअर्ट आणि त्याचा भाऊ मिल्टन यांचा. पाळक, मिशनरी आणि धर्मशास्त्राचे अध्यापक यांना त्या फुकट पाठवल्या गेल्या, एकूण सुमारे तीस लाख प्रती. १९१० सालीच प्रेस्बिटेरियन या प्रॉटेस्टंट पंथाच्या महासभेने पाच गोष्टी अत्यावश्यक ठरवल्या: शास्त्राची निर्दोषता, येशूचा कुमारीपोटी जन्म, त्याने माणसांच्या जागी भोगलेले प्रायश्चित्त, देहासह पुनरुत्थान आणि त्याचे चमत्कार. मग १९२० साली कर्टिस ली लॉज या बाप्टिस्ट संपादकाने आपल्या साप्ताहिकात 'फंडामेंटलिस्ट' हा शब्द प्रथम वापरला. त्याला 'काँझर्व्हेटिव्ह' नको होता, कारण त्याला प्रतिगामीपणाचा वास येई. या मूलभूत गोष्टींसाठी जोमाने लढायला तयार असलेल्या आपल्याच माणसांना त्याने हे नाव दिले. म्हणजे ही शिवी नव्हती, अभिमानाने मिरवायचे बिरूद होते.

आता ज्यासाठी मी लिहायला बसलो ते. 'फंडामेंटल'चे मूळ लॅटिन 'फुंदामेंतुम', म्हणजे इमारतीचा पाया. त्याच्याही तळाशी 'फुंदुस', म्हणजे तळ, बूड. आणि या फुंदुसचा सख्खा भाऊ ऋग्वेदात बसला आहे: बुध्न! ग्रीकमध्ये तोच 'पुथ्मेन', जर्मनमध्ये 'बोडेन', इंग्रजीत 'बॉटम'. मूळ धातुरूपात भ आणि ध असे दोन महाप्राण, म्हणजे ह-कार मिसळलेले वर्ण होते. संस्कृतात पहिल्याचा प्राण गेला आणि ब उरला, ग्रीकमध्येही पहिलाच अल्पप्राण झाला. हा नियम १८६३ साली ज्याने मांडला तो हेर्मान ग्रासमान मुळात गणितज्ञ. त्याच माणसाने पुढे ऋग्वेदाचा शब्दकोश केला, आणि बुध्न त्यातही आहेच. उत्तराभाद्रपदा नक्षत्राची देवता अहिर्बुध्न्य, म्हणजे तळाशी राहणारा सर्प. पंचांग चाळताना हे नाव पुष्कळांच्या नजरेखालून जाते, पण त्याचा 'फंड'शी संबंध आहे हे कोणी सांगत नाही. प्रॉव्हिडंट फंडातला फंड तोच. कॉलेजातली मुले 'फंडा क्लिअर आहे' म्हणतात, तो फंडाही 'फंडामेंटल'चाच तुकडा.

ऋग्वेदातल्या शुनःशेपाच्या सूक्तात वरुणाबद्दल एक ऋचा आहे. तळ नसलेल्या जागी, 'अबुध्ने', वरुणराजा वृक्षाचा शेंडा वर तोलून धरतो. किरण खाली उतरतात आणि 'उपरि बुध्न एषाम्', त्यांचा बुध्न मात्र वर असतो. इथे बुध्न म्हणजे झाडाचा बुडखा. आणि आपल्याकडे झाडाच्या खोडाच्या तळाला काय म्हणतात? बुंधा! पालीत 'बुंद', प्राकृतात 'बुंध', मराठीत 'बुंधा', वाट सरळ आहे. 'बूड'ही त्याच कुळातले असावे असे मला वाटते. बरेच जण ते 'बुडणे'कडे नेतात. नेवोत बापडे. बुडालेली वस्तू बुडाशी जाते हे खरे, पण घागरीच्या बुडाला नाव मिळण्यासाठी घागर बुडावी लागत नाही.

म्हणजे 'फंडामेंटल'चा आतला चित्रार्थ बुंध्याचा, तळाचा, पायाचा आहे. मुळाचा नाही. 'मूल' हे लॅटिन 'रादिक्स'ला शोभणारे भाषांतर, आणि रादिक्सपासून आला 'रॅडिकल', ज्याला आपण जहाल म्हणतो. माझे ठाम मत आहे की घोटाळा इथेच झाला. फंडामेंटलिस्टसाठी शब्द घडवणाऱ्याने पायाऐवजी मूळ घेतले आणि नकळत शेजारच्या घरातला अर्थ आत आणला. 'मूलतत्त्ववादी' कानावर पडताच मराठी माणसाला मुळापासून उखडणारा कोणीतरी दिसतो, ते त्यामुळे. पाया उखडत नाही, पाया तोलून धरतो. मराठी पवित्र शास्त्र इथे नेमके आहे. करिंथकरांस पहिल्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायात पौल म्हणतो की घातलेला पाया येशू ख्रिस्त आहे, दुसरा कोणाला घालता येणार नाही. लॅटिन बायबलमध्ये त्याच जागी 'फुंदामेंतुम' आहे. पाया एकवचनी आहे आणि ती व्यक्ती आहे. १९१० च्या यादीत मात्र पाये पाच झाले आणि यादीच्या माथ्यावर ग्रंथ आला. मला या चळवळीतली सर्वांत मोठी उलथापालथ ही वाटते.

दुसरा गैरसमज: मूलतत्त्ववादी म्हणजे शब्दशः अर्थ घेणारा. हेही चूक, आणि याचा साक्षीदार खुद्द त्यांचा पुढारी विल्यम जेनिंग्ज ब्रायन. १९२५ साली टेनेसीतल्या डेटन गावात उत्क्रांतिवाद शिकवल्याबद्दल जॉन स्कोप्स या शिक्षकावर खटला चालला. ब्रायन फिर्यादीच्या बाजूला होता. स्कोप्सचा वकील क्लॅरेन्स डॅरो याने त्यालाच पिंजऱ्यात उभे करून बायबलवर प्रश्न विचारले. ब्रायन म्हणाला, 'तुम्ही पृथ्वीचे मीठ आहा' हे वाचून माणूस खरोखर मिठाचा आहे असा आग्रह मी धरणार नाही. उत्पत्तीतले दिवस चोवीस तासांचेच असले पाहिजेत हेही त्याने मानले नाही. जेम्स बार या विद्वानाने १९७७ साली हे नीट दाखवले: त्यांचा आग्रह शब्दशः अर्थाचा नसतो, तर शास्त्र चुकले असे कधीच म्हणावे लागू नये याचा असतो. त्यासाठी ते प्रसंगी शब्दशः अर्थ घेतात, प्रसंगी सोडतात. १९७८ साली शिकागोत दोनशेहून अधिक इव्हँजेलिकल, म्हणजे बायबलच्या अधिकारावर भर देणाऱ्या प्रॉटेस्टंट पुढाऱ्यांनी निर्दोषतेचे निवेदन काढले, त्यातही अतिशयोक्ती, गोळाबेरीज आकडे आणि व्याकरणाच्या लकबी म्हणजे चूक नव्हे असे स्पष्ट लिहिले आहे. निर्दोषताही मूळ हस्तलिखितांची, जी आज जगात कुठेच नाहीत. हे मत प्रिन्स्टनच्या हॉज आणि वॉरफिल्ड यांनी १८८१ सालीच मांडले होते. आणि गंमत पाहा, 'द फंडामेंटल्स'च्या पहिल्याच पुस्तिकेत लिहिणारा स्कॉटिश पंडित जेम्स ऑर हा संपूर्ण निर्दोषता मानतच नव्हता.

मार्टिन मार्टी आणि स्कॉट ॲपलबी या धर्माच्या अभ्यासकांनी शिकागोहून जाडजूड खंड काढून हा शब्द जगातल्या सगळ्या धर्मांवर पांघरला, तिथे माझे त्यांच्याशी पटत नाही. हिंदू, मुस्लिम, ज्यू, बौद्ध, शीख, सारे एकाच छत्रीखाली. एका बाप्टिस्ट संपादकाने आपल्या मंडळीतल्या भांडणासाठी काढलेला शब्द, ज्यांच्याकडे तसा ग्रंथही नाही आणि ते भांडणही नाही त्यांना चिकटवला, तर उरतो फक्त 'आधुनिकतेवर रागावलेला माणूस' हा अर्थ. आपल्या वर्तमानपत्रांनी तो ढिला अर्थ उचलला आणि मग त्यात बाँबही भरला.

मग शेजाऱ्यांना म्हणायचे काय? आपल्याकडे यासाठी तयार, पारखलेला शब्द आहे: ग्रंथप्रामाण्य. प्रमाण म्हणजे ज्ञानाचे साधन, प्रामाण्य म्हणजे त्याची विश्वसनीयता. मीमांसक, म्हणजे वेदवाक्यांचा अर्थ लावणारे, म्हणाले, वेद स्वतःप्रमाण आहेत, बाहेरची साक्ष नको. नैयायिक, म्हणजे न्यायदर्शनाचे तर्कपंडित, म्हणाले, प्रामाण्य परतः, म्हणजे बाहेरून येते, वचन प्रमाण कारण बोलणारा आप्त, म्हणजे विश्वासार्ह आहे, आणि वेदांचा वक्ता ईश्वर. आता सोळाव्या शतकातल्या कॅल्विन या प्रॉटेस्टंट धर्मसुधारकाकडे या. त्याने शास्त्राला ग्रीक शब्द लावला 'ऑतोपिस्तोस', स्वतःच विश्वास उपजवणारे. स्वतःप्रामाण्याला याहून चांगला परदेशी प्रतिशब्द शोधून सापडणार नाही! त्याच्या कितीतरी आधी ऑगस्टीन हा प्राचीन धर्माचार्य म्हणून गेला होता की कॅथलिक ख्रिस्तसभेच्या अधिकाराने प्रवृत्त केले नसते तर मी शुभवर्तमानावर विश्वास ठेवला नसता. हे परतःप्रामाण्य. वसईच्या मित्राचे 'आम्ही नव्हे' इथून येते. त्याच्या परंपरेत शास्त्र एकटे नाही, सोबत परंपरा आणि ख्रिस्तसभेचा शिकवण्याचा अधिकार आहे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने, म्हणजे कॅथलिक बिशपांच्या महासभेने, १९६५ साली म्हटले की आपल्या तारणासाठी देवाला जे सत्य लिहून ठेवायचे होते ते शास्त्र निश्चितपणे, चुकीशिवाय शिकवते. 'तारणासाठी' हा शब्द तिथे विचारपूर्वक घातला आहे. १९९३ साली तर पोपच्या बायबल आयोगाने फंडामेंटलिस्ट वाचनाला एक प्रकारची बौद्धिक आत्महत्या म्हटले. अँग्लिकनांच्या, म्हणजे इंग्लंडच्या ख्रिस्तसभेच्या, श्रद्धानियमांतला सहावा नियमही तारणापुरतेच बोलतो.

मात्र मीमांसेशी तुलना फार ताणू नये. वेद अपौरुषेय, त्यांना कर्ताच नाही. बायबलला माणसे कर्ती आहेत आणि ती लपत नाहीत. शास्त्राच्या अधिकारासाठी सगळे ज्याचा आधार घेतात ते वचन तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायात आहे. पुढच्याच अध्यायात तोच लेखक कळवतो की त्रोवसात राहिलेला माझा झगा आण, पुस्तके आण, विशेषतः चर्मपत्रे. म्हणून ख्रिस्ती मत न्यायदर्शनाच्या जवळ जाते: ग्रंथ प्रमाण, कारण प्रेरणा देणारा आप्त. त्या वचनातही मराठी भाषांतराने 'प्रत्येक परमेश्वरप्रेरित शास्त्रलेख उपयोगी' अशी रचना घेतली आहे. जुन्या इंग्रजी भाषांतरात 'सगळे शास्त्र परमेश्वरप्रेरित आहे' असे विधान आहे. ग्रीकमध्ये क्रियापदच नसल्यामुळे दोन्ही वाचने होतात, आणि एवढ्या फटीतून दोन वेगळ्या भूमिका बाहेर पडतात.

'ग्रंथप्रामाण्य' शब्दावर आक्षेप येतो की महाराष्ट्रात तो नाकारण्यासाठीच वापरला गेला. डॉ. आंबेडकरांनी १९३६ साली शास्त्रांच्या प्रामाण्यावरच घाव घातला, हे खरे. पण म्हणूनच शब्द उत्तम आहे. ज्याच्याशी वाद घालता येतो असा तो शब्द आहे, 'मूलतत्त्ववादी' म्हटले की वाद संपतो आणि हेटाळणी सुरू होते. शिवाय ग्रंथप्रामाण्य मानणारी माणसे अनेक तऱ्हांची असतात. पंडिता रमाबाई पाहा. १८८३ साली इंग्लंडात वाँटेजला बाप्तिस्मा घेतल्यावर तिथल्या मठातल्या भगिनींनी ख्रिस्तसभेचा अधिकार मानण्याचा आग्रह धरला, तेव्हा त्यांनी पत्रांतून साफ सांगितले की एका पुरोहितवर्गाचे जू मोठ्या कष्टाने उतरवले आहे, दुसरे मानेवर घेणार नाही. बायबल स्वतः वाचीन आणि स्वतः ठरवीन. पुढे केडगावला मुक्ती मिशनमध्ये त्यांनी हिब्रू आणि ग्रीक शिकून सगळ्या बायबलचे मराठी भाषांतर केले. १९२२ साली त्या गेल्या, आणि ते १९२४ साली छापून निघाले. शास्त्राचा अधिकार त्यांनी सर्वांच्या वर मानला. त्यांना मूलतत्त्ववादी म्हणायची कोणाची तयारी आहे?

तेव्हा 'मूलतत्त्ववादी' हा शब्द १९२० च्या त्या अमेरिकन चळवळीसाठी आणि तिचा वारसा सांगणाऱ्यांसाठी राखून ठेवा. शास्त्रात चूक नाही असे मानणाऱ्या शेजाऱ्यांना ग्रंथप्रामाण्य मानणारे म्हणा. दुकाने जाळणाऱ्यांना दंगेखोर म्हणा. आणि लिहिताना दोन त.