चित्रकाराने मेळाव्यात काढून दिलेलं मूळ स्केच नंतर नफ्यात विकणं योग्य आहे का?

तुम्ही लिहिलंय की पुण्याच्या एका कॉमिक्स मेळाव्यात दीड हजार मोजून स्केच काढून घेतलं, आता कोणीतरी बारा हजार द्यायला तयार आहे आणि मित्र म्हणताहेत, हे बरं नव्हे. विका. भाव चित्रकाराने सांगितला, तुम्ही दिला, व्यवहार पूर्ण झाला. मित्रांना फारच लागलं असेल तर त्यांनी तेरा हजार देऊन घ्यावं.

फक्त एक सांगा, घेताना चित्रकाराला काय सांगून घेतलं होतं? आणि त्यावर कोणाचं नाव आहे का? माझ्या मते सगळा प्रश्न तिथेच आहे, नफ्यात नाही.

नागपुरात महाल भागात माझं फ्रेमिंगचं दुकान आहे. देवाचे फोटो, डिग्र्या आणि गेलेली माणसं, यावर दुकान चालतं. हाताने काढलेलं अस्सल चित्र क्वचित येतं, आणि आलं की मी आधी हात धुतो. असंच एक चित्र माझा मेहुणा घेऊन आला. ऑफिसच्या कामाने मुंबईला गेला होता, तिथे मेळावा लागला होता, आणि टेबलावर बसलेला चित्रकार म्हणजे आमच्या पिढीने उन्हाळ्याच्या सुट्ट्यांत ज्याची हिंदी कॉमिक्स भाड्याने आणून वाचली, तो. बाकीचे लोक पैसे देऊन स्केच काढून घेत होते. आमच्या मेहुणेसाहेबांनी सांगितलं, पोरगा तुमचा मोठा फॅन आहे, उद्या त्याचा वाढदिवस आहे. त्या भल्या माणसाने आवराआवर थांबवून चित्र काढलं आणि एक पैसा घेतला नाही. पोराचा वाढदिवस श्रावणात असतो. मेळावा डिसेंबरात होता. आणि पोराला कॉमिक्स उघडायचाही कंटाळा, तो दिवसभर क्रिकेट खेळतो.

चित्र मात्र काय होतं! ब्रशपेनने काढलेला नायक, उडताना, उजवी मूठ कागदाच्या वरच्या कडेपर्यंत गेलेली, सावलीला राखाडी मार्कर. मुठीला अगदी खेटून लिहिलेलं, 'चि. अमुकला, वाढदिवसाचे खूप आशीर्वाद', आणि खाली सही.

मेहुणा म्हणाला, "भाऊजी, माउंट वरून चार सूत खाली ओढा, नाव झाकून जाईल. गिऱ्हाईक पाहून ठेवलंय."

माउंट म्हणजे फ्रेमच्या आत चित्राभोवती येणारी पुठ्ठ्याची कड. मी त्या पुठ्ठ्याची पट्टी ठेवून दाखवली. चार सूत, म्हणजे अर्धा इंच, खाली घेतलं की नावाबरोबर मूठही जात होती. मनगटापर्यंत हात, पुढे काही नाही. मग म्हणतो, ब्लेडने खरवडा. अहो, शाई कागदात मुरलेली असते. खरवडलं की कागदाचे तंतू उठतात, आणि ट्यूबलाइट बाजूने तिरपी धरली की ती जागा लगेच दिसते. मार्करची शाई तर मागच्या बाजूलाही उतरते. जुनं स्केच विकत घेणाऱ्यांनी हे दोन्ही तपासावं, पाठ आणि तिरपा उजेड.

मी नाही म्हणालो. त्याने दुसरीकडून करून घेतलं आणि हैदराबादच्या कोणाला तरी ११ हजारांना विकलं. तेव्हापासून प्रत्येक लग्नात, प्रत्येक बारशात आमचं हेच चालतं. "भाऊजी, कागद माझा, नाव माझ्या पोराचं, तुम्हाला काऊन त्रास होऊन राहिला? माझी वस्तू मी कापीन नाहीतर जाळीन."

कापीन म्हणणाऱ्यांसाठी सांगतो. दिल्लीच्या विज्ञान भवनात शिल्पकार अमरनाथ सहगल यांचं ब्राँझचं भलंमोठं भित्तिशिल्प होतं. सरकारनेच त्यांच्याकडून करून घेतलेलं, म्हणजे वस्तू सरकारची. १९७९ मध्ये ते उतरवून कोठारात टाकलं, भाग मोडले, हरवले. सहगल कोर्टात गेले. २००५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने उरलेलं शिल्प त्यांना परत द्यायला लावलं आणि वर ५ लाखांची भरपाई. कॉपीराइट कायद्याचं कलम ५७ आहे, वस्तू विकली गेली तरी तिची मोडतोड करून कलाकाराच्या नावाला बट्टा लावता येत नाही. एका स्केचसाठी कोणी खटला भरणार नाही, कबूल. पण 'माझी वस्तू' म्हटलं की सगळं माफ, असं कायदाही म्हणत नाही.

दुसरं, कलम ५३अ. मूळ चित्र १० हजारांच्या वर पुन्हा विकलं गेलं तर चित्रकाराला त्या किमतीत वाटा मागायचा हक्क आहे, जास्तीत जास्त १० टक्के. १९९४ च्या दुरुस्तीने आलं हे. मेहुण्याच्या ११ हजारांवर फार तर ११०० झाले असते. वसूल कोण करतो? माझ्या पाहण्यात कोणीच नाही. मेहुण्याला आधी माहीत असतं तर त्याने ९,९९९ ला विकलं असतं. पण तुमचा सौदा बाराचा आहे, तर हजार-बाराशे चित्रकाराला पाठवून द्या. मागायला तो येणार नाही, म्हणूनच आपणहून पाठवा.

मेहुण्याचं शेवटचं हत्यार ठरलेलं, "फुकट काऊन दिलं त्यानं? त्याची चूक." नाही रे बाबा. त्याने तुझ्या पोराला दिलं, तू ते हैदराबादला पाठवलंस. २०२२ मध्ये अमेरिकेत स्पायडरमॅनच्या काळ्या पोशाखाचं एक पान, १९८४ सालचं, माइक झेकने काढलेलं, ३३ लाख ६० हजार डॉलरला गेलं. तेव्हापासून आपल्याकडेही रांगेत उभ्या प्रत्येकाला स्वतःच्या हातातला कागद म्हणजे लॉटरी वाटते. परिणाम काय? काही चित्रकार आता नाव मुद्दाम चित्राच्या पोटात लिहितात, कापताच येऊ नये म्हणून. परदेशात काही जण नावासकट स्वस्त आणि नावाशिवाय महाग असे दोन भाव ठेवतात. आणि खरंच वाढदिवस असलेलं पोरगं आलं तर त्यालाही संशयाने बघतात. हे नुकसान मेहुण्याच्या ११ हजारांत कुठेच धरलेलं नाही.

आता हेही सांगायला हवं की मी फ्रेम करणारा माणूस आहे, वकील नाही. घरात दवाखान्याचं बिल उभं असेल तर भेट मिळालेलं चित्रही विका, कोणाच्या बापाला उत्तर द्यायची गरज नाही; फक्त नाव खरवडू नका. आणि चित्र विकत घेतलं म्हणजे ते टी-शर्टवर, मगवर छापायचा हक्क मिळाला असं नाही, तो चित्रकाराकडेच राहतो. पैसे देऊन स्वतःचं पोर्ट्रेट काढून घेतलं असेल तर वेगळा करार नसताना तो हक्क ज्याने पैसे देऊन काढून घेतलं त्याचा, असं कलम १७ मध्ये आहे. तुमचं स्केच त्यात बसतं का, ते एखाद्या वकिलाला विचारा.

विकायला टाकताना नावाच्या ओळीचा फोटो स्पष्ट टाका. नावामुळे भाव हजार-दोन हजारांनी पडेल, पडू द्या. पाठवताना गुंडाळी करू नका, दोन फोमशीटमध्ये सपाट ठेवा आणि चिकटपट्टी कागदाला लावू नका. घेणाऱ्याला सांगा की मार्करचा रंग उजेडात उडतो, खिडकीसमोर टांगू नये.