"मॅडम, बायको तपासणीला जातच नाही"

ऑक्टोबरात स्तनाच्या कॅन्सरच्या जागृतीच्या गुलाबी रिबिनी दिसायला लागल्या की माझ्याकडे हा प्रश्न घेऊन नवरे येतात. येतात हेच मला आवडतं, फक्त बहुतेकांना वाटतं मॅडमनी बायकोला फोन करून दम द्यावा.

असेच एक जण (तपशील बदललेत), पन्नाशीचे, मांडीवर हेल्मेट. बायको ४६ ची. फॅमिली ग्रुपवर कॅन्सरचे मेसेज टाकून झाले, भांडणंही झाली.

"एवढी धास्ती कशाची?"

"माझ्या बहिणीला झाला होता. दुखत नाही म्हणून आठ महिने गाठ अंगावर काढली तिने." हेल्मेटचा पट्टा सारखा लावत-काढत होते.

"बायकोला सांगितलंत?"

"तिला माहितीये की."

"बहिणीचं माहितीये. तुम्ही घाबरलात ते?"

पट्टा थांबला. अशा वेळी मी गप्प बसते, इतक्या वर्षांत तेवढं जमलंय.

मग म्हटलं, बहीण तुमच्या रक्ताची, म्हणजे घराण्यातून काही येत असेल तर ते बायकोला नाही, तुमच्या मुलीला. सदोष जीन वडिलांकडूनही येतो, आणि क्वचित का होईना हा कॅन्सर पुरुषांनाही होतो. बायकोने जायचं ते वयासाठी. ते बघतच राहिले. मी माणूस एकटा बघत नाही, घर बघते, म्हणून हे सुचतं.

पुढच्या वेळी दोघं आले. ती म्हणाली, "हे रडले त्या दिवशी. मी नाही कुठे म्हणतेय, पण सासूबाईंचं इन्सुलिन, दोन डबे, आणि तिथे पुरुष डॉक्टर असला तर?"

घ्या! मेसेज कितीही फॉरवर्ड करा, डबा कोण करणार? तेव्हा नवरोबांनो, रजा टाका, इन्सुलिन द्यायला शिका, लेडी डॉक्टर कधी असतात ते फोन करून विचारा आणि सोबत जा. मशीनचीच (मॅमोग्राफीची, म्हणजे स्तनाच्या एक्स-रेची) भीती असेल तर सांगा की टाटा हॉस्पिटलने मुंबईच्या वस्त्यांमध्ये २० वर्षांच्या अभ्यासात प्रशिक्षित बायकांकडून नुसत्या हाताने तपासणी करून घेतली, तर पन्नाशीपुढच्या बायकांमध्ये या कॅन्सरचे मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी कमी झाले. सरकारी आरोग्य केंद्रातही तिशीनंतर अशी तपासणी करतात. आणि गाठ सापडली म्हणजे कॅन्सरच असं नाही, बहुतेक गाठी साध्याच निघतात, पण ते डॉक्टरने सांगायचं, शेजारणीने नाही.

बायको तपासून आली, तिला पाण्याची गाठ निघाली, सहा महिन्यांनी परत बोलावलंय. भिंतीवरच्या कॅलेंडरवर, दुधाच्या हिशोबाशेजारी, तारीख त्यांनीच लिहिलीये. खाली मुलीचंही नाव, जेनेटिक टेस्टचं विचारायला.