बीएमआय २५ आला, म्हणजे मी लठ्ठ का?

ऑफिसच्या आरोग्य शिबिरातला कागद टेबलावर ठेवत सल्ल्याला आलेली एक बाई म्हणाली, “मॅडम, शिबिरवाल्यांनी मला लठ्ठ ठरवलंय.” उंची १५६ सेंटीमीटर, वजन ६१ किलो, बीएमआय (उंचीच्या मानानं वजन किती, ते सांगणारा आकडा) २५. मोबाइलवरच्या ॲपनं त्याच आकड्याला नुसतं ‘वजन थोडं जास्त’ म्हटलं होतं, त्यामुळे गोंधळ आणखी वाढलेला. तिनं रात्रीचं जेवण बंद केलं होतं आणि सकाळी उठलं की गरगरायचं. सोबत आलेले यजमान मजेत होते. त्यांचा बीएमआय २२.५, कागदावर हिरवा शिक्का.

आधी गोंधळ सोडवला. जगभर लठ्ठपणाची रेषा ३० वर आहे. भारतीयांसाठी डॉक्टरांनी २००९ मध्ये ती २५ वर आणली आणि जादा वजनाची २३ वर, कारण आपल्याकडे कमी वजनातही मधुमेह गाठतो. ॲप एका रेषेनं मोजत होतं, शिबिर दुसऱ्या.

पण मुळात हा आकडा काय सांगतो? किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गानं भागायचं, बस्स. केटले या बेल्जियन गणितज्ञानं एकोणिसाव्या शतकात हे सूत्र मांडलं ते लोकसमूहाचा अभ्यास करताना, एकेका माणसाला तपासायला नव्हे. त्यात चरबी किती, स्नायू किती, पोटावर किती, काहीच कळत नाही. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. युडकिन या मधुमेह संशोधकांचं उदाहरण मी सगळ्यांना सांगते. दोघांचाही बीएमआय २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२. २००४ मध्ये त्यांनी दोघांचे फोटो शेजारी शेजारी छापले होते.

मग टेप काढली. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सोडल्यावर. तिचा घेर ७७ सेंटीमीटर, बायकांची मर्यादा ८०. रक्तदाब, साखर व्यवस्थित. यजमान “माझी पँट चौतीसची आहे” म्हणत टाळत होते. पुरुषांची पँट पोटाच्या खाली बसते, तिचा नंबर कसला धरता! टेपवर ९४ आले; पुरुषांची मर्यादा ९०. वडिलांना मधुमेह. डॉक्टरांकडून एचबीएवनसी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर दाखवणारी रक्ततपासणी, करून घ्यायला सांगितलं, ते ६.१ आलं. मधुमेह नाही, पण त्याच्या उंबरठ्यावर.

बीएमआयनं तिला तपासणीला पाठवलं ते बरोबरच होतं, आकड्याचं काम तेवढंच. उपाशी राहायला त्यानं सांगितलं नव्हतं. रात्री आठच्या आत भाकरी, भाजी, वाटीभर डाळ सुरू करायची, आठवड्यातून दोनदा स्नायूंचा व्यायाम करायचा आणि वजन आणखी वाढू द्यायचं नाही, एवढं ठरलं. यजमानांची संध्याकाळची फरसाणाची वाटी बंद झाली, जेवल्यावर चालणं सुरू झालं. तीन महिन्यांनी त्यांची साखर पुन्हा बघायची आहे. हिरव्या शिक्क्याचा कागद मात्र त्यांनी अजून फ्रिजवर लावून ठेवलाय म्हणे.