वेबसाइट भाच्यानं केली, नोटीस मला आली

प्रश्न : सांगली जिल्ह्यात आमची लहानशी पॅथॉलॉजी लॅब आहे. पेशंटना रिपोर्ट घरबसल्या मिळावेत म्हणून सहा वर्षांपूर्वी भाच्याकडून वेबसाइट करून घेतली. मोबाइल नंबर आणि रिपोर्ट क्रमांक टाकला की रिपोर्ट उघडतो. गेल्या आठवड्यात एका पेशंटच्या वकिलाची नोटीस आली. तिचा गर्भचाचणीचा रिपोर्ट शेजारच्या माणसानं आमच्या साइटवर पाहिला आणि गल्लीभर केला. साइटला एन्क्रिप्शन, म्हणजे मजकूर वाटेत कुणाला वाचता येऊ नये अशी कुलूपबंद सोय, नव्हतं, तेव्हा पंधरा दिवसांत १० लाख रुपये द्या, असं तीत आहे. त्या शेजाऱ्यानंही आमच्याकडे शुगर तपासली होती. भाचा म्हणतो, ‘सर्टिफिकेट टाकतो, जुनं सगळं पुसून नवी साइट चढवतो, विषय संपला.’ जबाबदारी माझी की त्याची?

उत्तर : डॉक्टर, आधी भाच्याला फोन करा आणि काहीही पुसू नकोस म्हणून सांगा. सर्व्हरवरचे लॉग, म्हणजे कोणत्या वेळी, कुठून, कोणता रिपोर्ट उघडला याची नोंदवही, हा या प्रकरणातला मुख्य साक्षीदार आहे. तो कदाचित तुमच्याच बाजूनं बोलेल. एकच रिपोर्ट बाहेर गेला की शंभर, हे त्यातूनच कळणार. सर्ट-इन या सायबर सुरक्षा बघणाऱ्या केंद्रीय यंत्रणेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे लॉग १८० दिवस जपून ठेवायचेच असतात. नोटीस हातात पडल्यावर ते उडवलेत, तर पुरावा नष्ट केल्याचं वेगळंच लचांड मागे लागेल. रिपोर्टचं पान आज बंद करा, सर्व्हरची पूर्ण प्रत काढून ठेवा, मग दुरुस्तीला हात घाला.

जबाबदारी तुमची. पेशंटनं रक्त तुमच्याकडे दिलं, भाच्याकडे नाही. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० चं कलम ४३-ए ‘बॉडी कॉर्पोरेट’ला लागू होतं. त्या शब्दावरून आपण कंपनी नाही म्हणजे सुटलो असं समजू नका; व्याख्येत एकट्याच्या मालकीचा धंदाही येतो. २०११ च्या नियमांनी वैद्यकीय नोंदी संवेदनशील माहितीत धरल्या आहेत. अशी माहिती सांभाळताना वाजवी सुरक्षेत हयगय झाली आणि त्यातून कुणाचं नुकसान झालं, तर भरपाई द्यावी लागते. भाच्याकडून ती वसूल करायची म्हटलं तर काय ठरलं होतं हे दाखवावं लागेल. ‘घरच्याशी कसला आलाय करार’ हे वाक्य वकिलांना नेहमी ऐकावं लागतं, आणि नेहमी उशिरा.

आता एन्क्रिप्शनचं. काउंटरवर तुम्ही रिपोर्ट पाकिटात घालून, पिन मारून, वर नाव लिहून देता. तोच रिपोर्ट वेबसाइटवरून मात्र उघडा जात होता. पत्ता नुसत्या ‘एचटीटीपी’नं सुरू होणारा असेल, तर पेशंटनं भरलेला नंबर आणि समोर आलेला रिपोर्ट, दोन्ही वाटेत जसेच्या तसे वाचता येतात. स्टँडवरच्या फुकट वायफायवर बसून एखाद्यानं रिपोर्ट उघडला, तर त्याच वायफायवरचा थोडा जाणकार माणूस ते टिपू शकतो. ‘एचटीटीपीएस’मध्ये हा मजकूर कुलूपबंद होऊन जातो. त्याला लागणारं सर्टिफिकेट लेट्स एन्क्रिप्टसारख्या संस्थेकडून फुकट मिळतं आणि आपोआप नूतनीकरणाची सोय करता येते. फुकट मिळणारी गोष्ट घेतली नाही, याला हयगय म्हणायचं नाही तर काय म्हणायचं, असं समोरचा वकील विचारेल. ‘मला माहीत नव्हतं’ हेही चालायचं नाही. जुलै २०१८ पासून क्रोम अशा प्रत्येक साइटच्या पत्त्याशेजारी ‘सुरक्षित नाही’ असं लिहून दाखवतो. नोटिशीला जोडलेल्या स्क्रीनशॉटमध्ये डावीकडे वर बघा, बहुतेक तेच असेल.

पण मला खरी शंका दुसरीच आहे. शेजारी वाटेतला मजकूर टिपणारा हॅकर असेल असं वाटत नाही. स्वतःचा रिपोर्ट उघडून एक गोष्ट करून बघा. वर पत्त्याच्या शेवटी, समजा, ४१२७ असा आकडा असेल, तर तो ४१२८ करा. दुसऱ्याचा रिपोर्ट उघडला? मग कुलूप बसवूनही भागणार नाही, कारण आत आलेल्याला सगळी कपाटं उघडी आहेत. प्रत्येक रिपोर्टला तो मागणारा त्याचाच मालक आहे का, हे ओटीपीनं तपासावं लागेल. म्हणून उत्तरात ‘आम्ही सर्टिफिकेट बसवलं आहे, तक्रार मिटली’ असं चुकूनही लिहू नका. आकडा बदलून पाहणाऱ्या शेजाऱ्यावर कलम ४३ खाली अनधिकृत प्रवेशाचा मुद्दा निघू शकतो, पण दार उघडं टाकणाऱ्यानं त्यावर फार विसंबू नये.

१० लाख लगेच द्यायचे नाहीत. तुमच्या हयगयीमुळेच नुकसान झालं, हे तिला सिद्ध करावं लागेल. कलम ४३-ए खालचा ५ कोटींपर्यंतचा दावा दिवाणी कोर्टात नव्हे, राज्याच्या माहिती तंत्रज्ञान सचिवांपुढे चालतो. सेवेतली त्रुटी म्हणून ग्राहक आयोगाची वाटही तिला आहे. तरी माणूस म्हणून सांगतो, त्या मुलीचं गावात जे झालं ते १० लाखांनीही भरून येणार नाही. तडजोड निघत असेल तर अडून बसू नका.

सर्ट-इनला अशी घटना कळल्यापासून ६ तासांत कळवायची असते. ती मुदत गेली. उशिराचं कारण लिहून आजच ईमेल करा. आणि पुढचं बघता २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा समोर आहेच. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, सुरक्षेची कलमं अठरा महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ मध्ये लागू होतील. त्यांत एन्क्रिप्शनचा नावानिशी उल्लेख आहे. सुरक्षेत कसूर झाली तर दंड २५० कोटींपर्यंत. लहान लॅबला कुणी तेवढा लावणार नाही, पण काम दुसऱ्याला दिलं तरी जबाबदारी मालकाचीच, हे त्या कायद्यात स्पष्ट लिहिलेलं आहे.

नोटिशीचं उत्तर मुदतीत, वकिलामार्फत आणि सर्व हक्क राखून द्या. वकिलाकडे जाताना होस्टिंगची बिलं, भाच्याशी झालेलं व्हॉट्सॲपवरचं बोलणं आणि सर्व्हरची प्रत घेऊन जा. नोटिशीचं पाकीटही टाकून देऊ नका, त्यावरची पोस्टाची तारीख लागेल.