एक लाइन, तीन ऑफिसं
प्रश्न: सांगलीत एकाच मजल्यावर माझं सीए ऑफिस, शेजारी वकील, पलीकडे ट्रॅव्हल्सवाले. फायबरची लाइन एकच, माझ्या नावावर. परवा माझ्या प्रिंटरमधून त्यांची तिकिटं निघाली! वेगळं कसं करायचं?

उत्तर: तिकिटं निघाली हे नशीब, उद्या तुमच्या अशिलांचे फोल्डर त्यांच्या स्क्रीनवर दिसतील. स्वस्तातला उपाय सांगतो. मुख्य राउटरला एकही कॉम्प्युटर, प्रिंटर जोडू नका, त्याचं वायफायही बंद. त्यातून तीन केबली काढा आणि तिघांना तीन साधे राउटर द्या. केबल त्यांच्या ‘वॅन’ (बाहेरून इंटरनेट आत येण्याच्या) खाचेतच घाला, बहुधा वेगळ्या रंगाची असते. माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या तक्रारी ती ‘लॅन’मध्ये (आतले कॉम्प्युटर जोडायच्या खाचेत) खुपसल्याच्या असतात, मग सगळं पुन्हा एकच नेटवर्क. मुख्य राउटरचा नेटवर्क-पत्ता १९२.१६८.१ असेल, तर बाकीच्यांचे १९२.१६८.१०, १९२.१६८.२० आणि १९२.१६८.३० ठेवा.

एक अडचण: बाहेरून सीसीटीव्ही पाहायचा झाल्यास पोर्ट (बाहेरून आत यायची वाट) दोनदा, म्हणजे मुख्य आणि आतल्या अशा दोन्ही राउटरवर, उघडावे लागतात. ते नको असेल तर व्हीलॅनवाला (एकाच यंत्रावर वेगवेगळी नेटवर्कं करणारा) राउटर आणि मॅनेज्ड स्विच (सेटिंग बदलता येणारा, केबली जोडायचा डबा) घ्या, वेगही वाटून देता येतो. पण लाइन तुमच्या नावावर आहे. कंपनीच्या अटींत वाटपाला परवानगी आहे का, ते आधी वाचा.