समान पगार सोपा, परतीचा माल अवघड

प्रिय मित्रा,

कामगारांच्या मालकीची राजकीय प्रकाशनसंस्था काढायची म्हणतोस आणि बॉस्टनच्या साउथ एंड प्रेसचा दाखला देतोस. दाखला चांगला आहे, पण तू त्यातला निम्माच उचललायस. मालक नाही, पगार सगळ्यांना सारखा, संपादनापासून झाडलोटीपर्यंत कामं वाटलेली, हे तुला पाठ आहे. हिशेबाचं काय, ते तुझ्या पत्रात कुठेच नाही.

अशी संस्था का लागते, ते आधी. १९७३ साली नोम चॉम्स्की आणि एडवर्ड हर्मन या अमेरिकी विचारवंतांचं अमेरिकी परराष्ट्र धोरणावरचं एक छोटं पुस्तक छापून तयार होतं. छापणारी संस्था ज्या बड्या कंपनीची होती, तिथल्या वरिष्ठाने विक्रीच रोखली. १९७७ साली साउथ एंड प्रेस सुरू झाली आणि तेच लेखन वाढवून १९७९ साली दोन खंडांत तिने काढलं. स्त्रीवादी लेखिका बेल हुक्स यांचं पहिलं महत्त्वाचं पुस्तक तिथलंच, १९८१चं. आपल्या दाभोळच्या एन्रॉन वीजप्रकल्पावर अरुंधती रॉय यांनी लिहिलं, तेही अमेरिकेत २००१ साली तिनेच छापलं. अशी यादी असूनही २०१४ साली संस्था बंद झाली. यादी चांगली असली की संस्था तगते, हा समज आत्ताच सोडून दे.

आता आकडे. समजा, किंमत ३०० रुपये, प्रती १०००. वितरकाला ४५ टक्के सूट दिली की हातात १६५. कागद, छपाई, बांधणी ७०. लेखकाचे दहा टक्के, म्हणजे ३०. उरले ६५. हजार प्रतींचे ६५,००० असं तू वहीत मांडशील, आणि फसशील. पुस्तकं दुकानात परतीच्या बोलीवर जातात. वर्षाअखेर ४०० प्रती कोपरे दुमडून, किमतीची चिकटपट्टी लावून परत आल्या, तर ६०० प्रतींचे ९९,००० येतात. त्यातून छपाईचे ७०,००० आणि लेखकाचे १८,००० गेले की शिल्लक ११,०००. मुद्रितशोधन, मुखपृष्ठ, भाडं आणि तुम्हा सगळ्यांचे पगार एवढ्यातच. म्हणून पहिली आवृत्ती ५००चीच काढ. प्रत थोडी महाग पडेल, पण पैसा कपाटात अडकणार नाही. मालाबरोबर दुकानाला चलन (पावती) गेलं म्हणजे विक्री झाली, असं कधीच धरू नकोस.

प्रतीमागे लेखकाचे ३० रुपये, विक्रीचे पैसे येतील त्याच दिवशी, वेगळ्या खात्यात टाक. ‘आपलाच माणूस आहे, थांबेल’ म्हणत ती रक्कम पुढच्या पुस्तकाच्या कागदाला वापरली जाते. चळवळीतल्या संस्थांना ही खोड फार.

कामं फिरवा, जरूर फिरवा. नाहीतर हिशेब ठेवणाराच नकळत मालक होतो. पण हिशेबाचं काम देताना जुना आणि नवा माणूस तीन महिने एकत्र बसू दे, आणि हा बदल मार्चमध्ये नको. कोणत्या दुकानाकडे किती येणं आहे हे एकाच्याच डोक्यात राहिलं, तर तो सुटीवर गेला की वसुली थांबते.

दुसरा दाखला एके प्रेसचा. १९८७ साली स्कॉटलंडमध्ये सुरू झालेली, नंतर कॅलिफोर्नियात ओकलंडला रुजलेली ही कामगारांची संस्था दुसऱ्या प्रकाशकांची पुस्तकंही विकते. शिवाय दरमहा ठरावीक रक्कम भरणाऱ्या वाचकाला प्रत्येक नवं पुस्तक घरपोच मिळतं. म्हणजे छपाईआधी थोडा पैसा हातात. यातलं काही उचलायचं तर ही वर्गणी उचल. मार्च २०१५मध्ये त्यांच्या इमारतीला आग लागली, तेव्हा धुराने आणि पाण्यानेही माल गेला. विमा काढ, सगळा साठा एका खोलीत ठेवू नकोस.

नोंदणीचं थोडक्यात: महाराष्ट्रात सहकारी संस्थेला वेगवेगळ्या कुटुंबांतले किमान दहा सभासद लागतात. तुम्ही पाच असाल तर एलएलपी, म्हणजे मर्यादित जबाबदारीची भागीदारी, करा; करारात प्रत्येकाला एक मत, आणि सोडून जाणाऱ्याने फक्त आपलं भांडवल न्यायचं, वाटा बाहेर विकायचा नाही, हे स्पष्ट लिहा.

लेखकाच्या करारातही एक कलम हवंच: संस्था बंद पडली किंवा पुस्तक दोन वर्षं बाजारात नसलं, तर हक्क लेखकाकडे परत. १९७९चे ते दोन खंड २०१४ साली शिकागोच्या हेमार्केट बुक्सने पुन्हा काढले. हक्क मोकळे नसतील तर पुस्तक संस्थेबरोबरच बुडतं.

पहिल्या सहा पुस्तकांचा असा हिशेब, प्रत्येकाच्या ४० टक्के प्रती परत येतील असं धरून, मांडून पाठव. नाव आणि बोधचिन्ह नंतर बघू.