व्हय म्हाराजा!

चिमू,

काल फोनवर तू वैतागून विचारलंस, "आई, जत्रेला एवढी माणसं जमली होती, तरी गाऱ्हाणं दोन तास का सुरू होईना? आणि मग सगळे एकदम 'व्हय म्हाराजा' का ओरडतात?" तेवढ्यात रेंज गेली, म्हणून लिहितेय.

ओरडण्याचं सोपं आहे. देवाला गाऱ्हाणं एकटा गावकर घालतो, पण मागणं सगळ्या वाड्यांचं असतं. मुंबईच्या चाकरमान्यांना सांभाळ, लेकराबाळांची इडापीडा टाळ. दर मागण्याला लोकांनी रुकार दिला, की ते गावाचं झालं.

उशिराचं म्हणशील, तर एखादा मानकरी यायचा राहिला असणार. लहानपणी मीही त्या देवळाच्या पायरीवर पेंगलेय.

गंमत म्हणजे इथे प्रयोगशाळेत मी ज्या जिवाणूंमागे असते, तेही असेच खोळंबतात. हवाई बेटांपाशी बोटाएवढा माकूल (स्क्विड) असतो. त्याच्या पोटाशी एका पिशवीत व्हिब्रिओ फिशेरी नावाचे जिवाणू राहतात आणि रात्री उजेड पाडतात. त्या उजेडामुळे चांदण्यात माकुलाची सावली खाली पडत नाही, खालच्या माशाला तो दिसत नाही. पण हेच जिवाणू उघड्या समुद्रात विखुरलेले असले, की अंधारात गप्प. एकट्याचा उजेड कोणाला दिसणार? उगाच शक्ती फुकट.

मग आपण किती जमलोय हे त्यांना कळतं कसं? मोजता तर येत नाही. प्रत्येक जण एक रसायन थोडं थोडं बाहेर सोडत असतो. उदबत्तीसारखं समज. मळ्यात एक लावली तर वास वाऱ्यावर जातो, पण बंद गाभाऱ्यात शंभर लाव! रसायन पुरेसं दाटलं, की ते पेशीतल्या एका प्रथिनाला चिकटतं आणि उजेडाची जनुकं चालू होतात. वर ते रसायन बनवणारं जनुकही जोरात चालतं, त्यामुळे सगळे जवळजवळ एकदम पेटतात. रसायन दाटल्यावरच उजेड पडतो, हे नील्सन, प्लॅट आणि हेस्टिंग्ज या शास्त्रज्ञांनी 1970 साली दाखवलं, पण बरीच वर्षं कोणी फारसं मनावर घेतलं नाही. 'कोरम सेन्सिंग' हे नाव पडलं 1994 साली. कोरम म्हणजे सभेची गणसंख्या.

पुढे कळलं, की बऱ्याच जिवाणूंकडे दोन बोल्या असतात. एक आपल्या जातीपुरती, दुसरी परक्यांनाही समजणारी. तू आजीशी मालवणी बोलतेस आणि बाजारात मराठी, तसं. त्यांच्यात कामचुकारही निघतात. स्यूडोमोनास जिवाणूंपैकी काही जण हाक आली तरी अन्न पचवणारं विकर बनवत नाहीत, दुसऱ्यांनी पचवलेलं मात्र खातात. व्हय म्हाराजाला मागे, प्रसादाला पुढे. आपल्या वाडीत असे कोण, ते आजोबांना विचार, पण हळू आवाजात.

एक फरक मात्र आहे. जिवाणूंना किती जण आलेत एवढंच लागतं; ठरावीक अमुक एक आलाच पाहिजे, असं नसतं. गावाचं अडतं ते नेमक्या माणसापाशी. मानपानावरून जत्रा वर्षानुवर्षं बंद पडलेली गावं आहेत कोकणात. तेव्हा दोन तासांत सुटलीस, हे नशीब.

आणि हो, थंडीत किनाऱ्यावर लाटा निळ्या चमकतात ना, ते हे जिवाणू नव्हेत. तो नॉक्टिल्युका, एका पेशीचा जीव. लाटेचा धक्का बसला की चमकतो, एकटा असला तरी. काळोख्या रात्री ओल्या वाळूत पाय घासून बघ. आजोबांना सोबत ने, आणि पाण्यात उतरू नकोस.

तुझी आई